बोराटीतला टसर पतंग

आत्याचा व्हिडिओ आला आणि मी तडक रजाच टाकली! बोरीच्या फांदीला कोंबडीच्या अंड्याएवढा टणक कोश लटकलेला. टसर! ऐन, अर्जुन, बोर अशा झाडांचा पाला खाऊन वाढणाऱ्या अळीचा पतंग. भोक पडलेले रिकामे कोश मी ढीगभर पाहिलेत, पण पतंग बाहेर पडताना एकदाही दिसला नाही. या खेपेला बघायचाच!

नगरहून सकाळची जामखेड एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट, मग कुरकुर कसली? जामखेडला स्टँडबाहेर गरम भजी हाणली आणि खर्ड्याच्या जीपमध्ये कोंबून घेतलं. खर्ड्याचा किल्ला तुम्ही निवांत बघा, मी लांबूनच नमस्कार ठोकला.

आत्याच्या वस्तीवर पोचते तर काय, बोर अर्धी बोडकी! आत्याच्या यजमानांनी, म्हणजे मामांनी, सकाळीच फांद्या तोडून उडदाला काटेरी बोराटीचं कुंपण घातलेलं.

"मामा, कोश कुठाय?"

"आसंल की कुंपनात. रानडुकरं लई माजलीत. राहिलेली बोर बी तोडायची हाय."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. बाहेर पडल्यावर पतंगाचे ओले पंख मोकळे लटकावे लागतात. काट्यात फाटले तर उडणं कायमचं संपलं! आत्या आणि मी बोराटी उपसायला लागलो. हात नुसते ओरबाडून निघाले.

"ह्ये बग, हितं!" आत्या ओरडली. फांदी गोठ्याच्या छपराला टांगली.

दिवेलागणीला कोशाचं टोक ओलं झालं आणि आली की बाहेर! मादी! आधी पंखांच्या नुसत्या चिंध्या. मग हळूहळू उलगडत हाताच्या पंजाहून मोठे, हळदी रंगाचे पंख आणि प्रत्येकावर काचेसारखा आरपार डोळा. आईशप्पथ, मी नाचले!

आत्यानं वाटीत गूळपाणी आणलं. "पाव्हनी हाय, उपाशी कशी ठिवायची?"

"आत्या, हिला खायला तोंडच नसतं."

"आगं बया! मंग जगती कशावर?"

"अळी असताना खाल्लेल्यावर. आठवडाभर जेमतेम."

"म्हंजी माज्या बोरीवर," आत्या म्हणाली आणि वाटी घेऊन तिथंच बसून राहिली.

सकाळी बघते तर कुठूनसा नर येऊन तिला बिलगलेला! त्याच आनंदात मी परतीची जीप धरली.

घरी आले. फोटो हललेत, हात अजून चुरचुरतात आणि मी भेटेल त्याला पंखच सांगत सुटलेय. परवा आत्याचा फोन आला.

"तुज्या पाव्हनीनं बोरीवर अंडी घातलीत. मामा कोयता घिऊन निगालं हुतं. म्या म्हनलं, तिची लेकरं जेवायची हायेत, बोरीला हात लावायचा न्हाई."

"मग उडदाचं कुंपण?"

"झालं की! माज्या समद्या जुन्या साड्या बांदल्यात."