मिस लोर्विनाची पिवळी खुर्ची

आमच्या गल्लीत कोणाचं काय चाललंय ते मला विचारा. पश्चिम फिलाडेल्फियात घराच्या पायऱ्यांवर बसून मी आयुष्यभर दुसरं काही केलंच नाही, असं माझी बायको म्हणायची.

समोरची मिस लोर्विना मात्र चघळायला काही द्यायची नाही. रविवारी चर्च, बाकी सहा दिवस जुन्या हिरव्या गाडीतून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मिस्टर ऑगस्टस नावाच्या आंधळ्या म्हाताऱ्याची आंघोळ-जेवणं करायला. तो दुसऱ्या कोणाला अंगाला हात लावू देत नसे. एकोणीस वर्षांत तिला एकदाही दंड नाही. मी चिडवायचो, गाडी चालवतेस की जप करतेस?

मागच्या वर्षी एका सकाळी घाईत, कोपऱ्यावरच्या 'थांबा'च्या पाटीपाशी ती पुरती थांबली नाही. पोलीस उभाच होता. पुढे विम्याचा हप्ता असा चढला की ती विमावाल्याशी भांडायला गेली. तो म्हणाला, बाई, दंडाचा वाटा थोडा, बाकी तुमच्या गल्लीचा. इथे गाड्या चोरीला जातात, आपटतात, लोक कोर्टात जातात. ते सगळ्यांच्याच माथी बसतं. शहराची हद्द संपते त्या सिटी ॲव्हेन्यूच्या पलीकडे राहणाऱ्याला, असाच दंड झालेला असला तरी, निम्म्यात पडतं.

पलीकडे तिची बहीण राहते. इथले कितीतरी जण करतात तेच लोर्विनाने केलं. विम्याच्या अर्जावर बहिणीचा पत्ता घातला. आणि हे मला, म्हणजे चक्क मला, कळू दिलं नाही.

फेब्रुवारीत बर्फ साचलं. आमच्याकडे जो बर्फ उपसून जागा करतो, त्याची ती जागा. गाडी नसली की तिथे खुर्ची ठेवायची. लोर्विनाची खुर्ची पिवळी, स्वयंपाकघरातली. भर दुपारी एक ट्रक घसरला, तिच्या उभ्या गाडीची एक बाजू चेपून पळून गेला. गाडी दुरुस्तीला गेली, जागेवर खुर्ची आली.

आठवड्याभराने टाय लावलेला एक गोडबोल्या माझ्या पायरीशी आला. असल्या थंडीत गप्पा मारायला येतंय कोण? मी त्याला कॉफी पाजली. ती खुर्ची कोणाची, त्याने सहज विचारलं.

"मिस लोर्विनाची," मी म्हणालो. "एकोणीस हिवाळे तिथेच आहे. हलवून तर बघा."

त्याने फोटो काढला.

मग तिला विमा कंपनीचं पत्र आलं. पत्ता खोटा, भरपाई नाही, विमा रद्द. शेजाऱ्याचं म्हणणं सोबत जोडलेलं. पत्र हातात घेऊनच ती रस्ता ओलांडून आली.

"मिस्टर पर्सी, तो कोण, एवढं तरी विचारायचं होतंत."

"तू मला आधी सांगितलं असतंस तर..."

"तुम्हाला सांगितलं असतं, तर त्याला इथवर यावंही लागलं नसतं."

दुरुस्तीचे पैसे नाहीत, विमा नाही, म्हणून गाडी गॅरेजातच राहिली. दोन बस बदलून ती मिस्टर ऑगस्टसकडे अकराला पोहोचायची. म्हातारा तोवर उपाशी. तिसऱ्या आठवड्यात कामाच्या एजन्सीने त्याच्याकडे दुसरी बाई पाठवली. तिला तो हात लावू देतो का, ठाऊक नाही. मीही विचारलेलं नाही.

परवा पुन्हा बर्फ पडलं. तिची जागा मी उपसून काढली आणि खुर्ची मागायला गेलो. तिने दार उघडलं नाही. संध्याकाळच्या आत तिथे कोणीतरी गाडी लावली.