ओट्यावरची सावली

अकोल्यात टिळक रोडवर गजेंद्रभाऊंचं लाइटांचं दुकान. नवीन घर बांधणारा माणूस आधी गवंडी शोधतो, मग गजेंद्रभाऊंना फोन करतो, इतकं त्यांचं नाव. ते आले की रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहत आणि विचारत, "इथं बसते कोण? करते काय?" उत्तर ऐकल्याशिवाय एक होल्डर सांगायचे नाहीत. म्हाताऱ्याच्या खोलीत डोळ्यांवर येणार नाही असा पिवळा, पोरांच्या टेबलावर पांढरा, देवघरात मंद. स्वयंपाकघरात तर घरच्या बाईला ओट्यापाशी उभं करून म्हणत, "वहिनी, हात वर करा." तिच्या हाताची सावली ओट्यावर कुठं पडते ते बघायचं आणि मग फळीखाली, बाईच्या समोरून लाइट द्यायचा. "लाइट पाठीमागं असला तं बाई आपल्याच सावलीत भाजी चिरते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाया खूश होत. एवढा विचार करणारा माणूस घरात किती जपत असेल, असं त्यांना वाटे.

आता जपण्याचं ऐका.

कौलखेडात भाऊंनी स्वतःचं घर बांधलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात भलतंच शिरलं. घर म्हणजे नमुना. गिऱ्हाइकाला सोफ्यावर बसवायचं आणि नुसतं दाखवायचं. हॉल आणि स्वयंपाकघर एकच ठेवलं, मधल्या कट्ट्यावर पितळी टोप्यांचे पिवळे दिवे लोंबते सोडले. सोफ्यावरून ते असे काही दिसत की माणसानं चहा विसरावा. ओट्याच्या फळीखाली मात्र लाइट दिला नाही. काळ्या ग्रॅनाइटवर त्याची चमक पडणार आणि सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांत जाणार, म्हणून. बायकोला, जमुनेला, हात वर करायला सांगायचं तर त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली होती, "ओट्यावर अंधार पडते जी."

"तुले लाइटातलं काय समजते?" भाऊ म्हणाले. समोर गिऱ्हाईक बसलं होतं. ती पुन्हा कधी बोलली नाही.

मार्गशीर्षात मोर्शीहून व्याही आले, वामनराव. त्यांचे संत्र्याचे बगीचे आहेत आणि भाऊंची एकुलती एक लेक, दामिनी, त्यांच्या घरी दिलेली. दामिनीला दिवस गेले होते, म्हणून घरात आनंद होता. संध्याकाळी गोवरीवर भाजलेल्या रोडग्यांचा बेत केला. जमुनेनं मोठ्या पातेल्यात वांग्याची भाजी टाकली. पंगत बसली, दोन घास झाले आणि वामनरावांनी भाजीतलं काहीतरी अंगठ्यानं ताटाच्या कडेला सारलं. भला माणूस, चकार शब्द न काढता जेवत राहिला. पण भाऊंना दिसलं. अळी होती, चांगली बोटाच्या पेराएवढी.

"डोये फुटले काय तुह्ये?" भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले.

आपल्याकडं हे वाक्य दिवसातून कुणी ना कुणी कुणाला तरी म्हणतंच. पण जमुना तेल्हाऱ्याच्या जयवंताबाईची लेक. जयवंताबाईचे डोळे याच वयात गेले. आधी डाळीतले खडे दिसेनात, मग सुई ओवेना, मग उंबऱ्यात बसून चपलांच्या आवाजावरून माणसं ओळखायची पाळी आली. हे सगळं भाऊंना ठाऊक होतं. तरी तोंडातून गेलं. जमुनेनं हातातलं वाढणं कट्ट्यावर ठेवलं आणि ती आत गेली.

तेव्हापासून त्या घरात बटाटे शिजू लागले. आज रस्सा, उद्या सुकी, परवा उकडून. मेथी बंद, वांगी बंद. भाऊ कुरकुरले, पण बटाट्यात अळी नसते हे त्यांच्या ध्यानात काही आलं नाही. जमुनेनं स्कूटी चालवणं सोडलं. दामिनीला शिकवता शिकवता ती स्वतः शिकली होती आणि अख्ख्या अकोल्यात हिंडायची. आता गाडी धूळ खात पडली. एकदा भाऊ दुपारी जेवायला लवकर आले, तर ती डोळे मिटून भिंतीला हात लावत चालली होती. "झोपीत चालते काय?" त्यांनी थट्टा केली. ती नुसती हसली.

मग दामिनीचा फोन आला, दुकानावर. रडत होती. "बाबा, आई म्हणते बाळंतपण तिकडंच कर. पह्यलं बाळंतपण अन् माहेरी नको? मी तिले जड झाली काय?"

भाऊ तावातावानं घरी आले. जमुना शांतपणे म्हणाली, "मले दिसत नाई जी. लेकराच्या अंगावर कढत पाणी पडलं तं? काही टोचलं तं? तिच्या सासूचे डोये चांगले हायेत."

"मंग डॉक्टरकडं चाल."

"नाई. त्यानं सांगतलं तं खरंच होईन."

भाऊंनी कपाळाला हात लावला. बाई हट्टी आहे, म्हणाले आणि दुकानात गेले.

पौषात जमुना चार दिवस माहेरी, तेल्हाऱ्याला गेली. संध्याकाळी भाऊंना भूक लागली. पोहे करू म्हणाले, त्यात काय मोठं. कांदा घेतला, विळी नको म्हणून सुरी घेतली, ओट्यापाशी उभे राहिले. चिरायला गेले तर कांदा कुठं आणि बोट कुठं हेच कळेना. अंगठा कापला. त्यांनी दिवे बघितले, सगळे लागलेले होते, सगळे पाठीमागं होते. मग त्यांनी हळूच हात वर केला, गिऱ्हाइकांच्या बायांना सांगत तसा. अख्ख्या ओट्यावर त्यांच्या हाताची काळीभोर सावली पसरली. कांदा तिच्यात बुडून गेला होता.

भाऊंना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. अळी दिसली नाही, कारण ती दिसणारच नव्हती. जमुनेच्या जागी साक्षात भाऊ असते तरी दिसली नसती. जमुनेचे डोळे ठणठणीत होते. तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं आणि आपण काय म्हणालो होतो, तेही त्यांना शब्दन् शब्द आठवलं. पोहे राहिले. ते खाली फरशीवर बसले आणि बराच वेळ त्यांना उठावंसं वाटेना. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

आता माणसानं काय करावं? बायको घरात आली की सांगून टाकावं, माझं चुकलं. भाऊंनी काय केलं, तर ती यायच्या आत फळीखाली पांढऱ्या लाइटची पट्टी लावून घेतली आणि ती आल्यावर म्हणाले, "कंपनीचा नवीन माल आला. नमुना म्हून लावला." जीभ अशी वळवता येते, बघा.

पुढच्या आठवड्यात घरात मेथी आली. मग गवार. मग एक दिवस वांगी. जमुना प्रत्येक वांगं उघडून पट्टीखाली धरायची आणि तिचा चेहरा उजळायचा. तिनं दामिनीला फोन केला, "ये वं बाई, लवकर ये." फोन ठेवून ती भाऊंकडं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी शेगावच्या महाराजाले नवस बोलली होती," ती म्हणाली. "डोये परत दे, पायी येईन, अनवाणी. मले दिसाले लागलं जी."

भाऊंनी फळीखालच्या पट्टीकडं बघितलं. तेव्हाच बोलायचं होतं. बोलले नाहीत. मग रोज सकाळी ठरवत आणि रोज जेवताना गिळून टाकत. एका नव्या घरात तिथल्या बाईला "हात वर करा" म्हणायची वेळ आली. बाई वाट बघत उभी राहिली आणि भाऊ भलतीकडंच बघत बसले. गुडघे दुखणारी आपली बायको अनवाणी शेगावला जाणार, तेही आपली अब्रू राखायला, या विचारानं त्यांना अन्न गोड लागेना.

माघात ती निघाली. पहाटे देवापुढं दिवा लावला, चपला उंबऱ्याशी सोडल्या आणि गायगावचा रस्ता धरला. भाऊ पाण्याच्या बाटल्या घेऊन स्कूटीवर मागं मागं. ऊन वर आलं. डांबराच्या कडेची गिट्टी तिच्या तळव्यांना टोचत होती, ते तिच्या चालीवरून दिसत होतं. भाऊ नजर दुसरीकडं वळवत आणि वळवूनही त्यांना तेच दिसे.

गायगाव आलं तशी ती लिंबाखाली बसली. तळपाय मांडीवर घेतला, बांगडीतली पिन काढली आणि मान वाकवून एका झटक्यात काटा काढला. बारीक, केसाएवढा. बोटावर घेऊन तिनं तो भाऊंसमोर धरला.

"हा पाहा," ती म्हणाली. लहान पोरीसारखी खूश होती. "दिसला मले."

भाऊंना ते सहन होईना. ते तिच्यासमोर मातीत बसले. "जमुना, तुह्या डोयाले काहीच झालं नव्हतं. ओट्यावर लाइट नव्हता. मीच दिला नाई. सोफ्यावरून चांगलं दिसावं म्हून. मले पुसात समजलं, अन् म्या सांगतलं नाई."

तिनं काटा बाजूला टाकला.

"म्हंजे डोये चांगलेच होते."

"हो."

"पह्यलेपासून."

"हो."

"मी दुपारच्यानं डोये मिटून घरात चालून पाहत होती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "गॅस कुठं, देवघर कुठं, मोरी कुठं. पाठ करून ठेवत होती. पोरीले नाई म्हटलं मी, जी. माह्या पोरीले."

भाऊंना ती भिंतीवर हात ठेवून चाललेली दुपार आठवली आणि आपली थट्टाही. त्यांची मान खाली गेली. "चुकलं माह्यं," ते म्हणाले.

"मले एकटीले नका सांगू. दामिनीले सोडाले वामनराव येतीन. ज्याईच्यासमोर बोलले होते, त्याईच्यासमोर सांगसान."

"सांगतो."

"अन् आता चपला काढा."

भाऊंनी मान वर केली. ती उठून उभी राहिली होती, साडीची माती झटकत होती.

"महाराजाले शब्द देला हाय. तो मोडाचा नाई. पण डोये माह्ये गेले नव्हते, तं चालू मी काहून? काढा. अन् गाडीची चाबी द्या."

त्यांनी चपला काढल्या. तिनं त्या पायात सरकवल्या, टाचेमागं चार बोटं उरत होत्या. स्कूटीवर बसून तिनं आरसा आपल्याकडं वळवून घेतला. इतक्या दिवसांत गाडीला तिनं प्रथमच हात लावला होता.

शेगाव अजून बरंच लांब होतं. भाऊ निघाले. गिट्टी तळव्यांत शिरत होती, डांबर तापू लागलं होतं आणि मागून स्कूटी सावकाश येत होती. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी वळून तिच्याकडं बघितलं, काही बोलेल म्हणून. तेवढ्यात एक टोकदार खडा बरोबर टाचेखाली आला आणि ते कळवळले.

"खाली पाहून चाला ना जी," जमुना म्हणाली. "दिसते ना तुमाले?"