विजेच्या चुलीवरची भाकरी

बाईसाहेबांचा हात दुधाच्या पातेल्याला चिकटला होता. तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता. त्या नुकत्याच नाहून आलेल्या, केसांतून पाणी गळत होतं, पाय अनवाणी. पायाखालची फरशी मीच थोड्या वेळापूर्वी धुतलेली. मी अंगणातून पळत आले आणि ओल्या पिठानं भरलेल्या हातांनी त्यांचा दंड धरला.

पुढचं एवढंच आठवतं, की मी दाराशी बसले होते आणि मला कुणी बसवलं ते कळत नव्हतं. सगळा उजवा हात बधिर झालेला. मग दारामागच्या मेनकडे लक्ष गेलं. मेन म्हणजे सगळ्या चुलीचा करंट एका दांड्यानं बंद करायची पेटी. ती मला दोन वर्षांपासून माहीत होती, आठवली मात्र आत्ता. डाव्या हातानं कोरडं लाटणं घेतलं आणि दांडा खाली ओढला. बाईसाहेब सुटल्या आणि फरशीवर पडल्या. छाती हलत नव्हती.

मी ओरडले. आमचा बंगला गुलबर्ग्याच्या वीजघराच्या आवारातच होता, त्यामुळे वायरमन लतीफभाई लगेच आला. पण उंबऱ्याशीच थांबला. इंजिनियरसाहेबांच्या बायकोच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय, हे निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या त्या दिवसांत त्याच्यासारख्या मुसलमानाला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"अक्का, मैं नक्को. तू कर, मैं बोलतूं," तो म्हणाला. "पालथं कर. मान एका बाजूला. पाठीवर दोन्ही हात ठेव. दाब. आता सोड."

मी दाबलं.

"भाकरी थापायलीस का? हळू. श्वास घेत्यात तसं. दाब, सोड."

किती वेळ दाबलं ते सांगता येत नाही. माझे खांदे भरून आले तेव्हा बाईसाहेबांच्या घशातून घरघर झाली आणि श्वास सुरू झाला. डोळे मात्र उघडले नाहीत. साहेब धावत आले आणि त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेले.

आता हे झालं कसं ते सांगते. यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता.

मी खजुरी गावची. शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाक मात्र असा, की आमच्याकडच्या लग्नांत भाजीत मीठ टाकायच्या आधी मला विचारायचे. त्यामुळे मला कुणी काही शिकवू शकतो असं मला वाटत नसे. बंगल्यात विजेची चूल होती. आधीच्या साहेबांनी आणलेली, जाताना ते ती ठेवून गेले. वर तीन तबकड्या, खाली पेटी. साहेब तिला रेंज म्हणत. तबकडी म्हणजे भाजलेल्या मातीची चकती, तिच्या खाचांत तारेची वेटोळी. करंट आला की तार लाल होते.

लतीफभाईनं मला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. पुसायच्या आधी मेन खाली. चूल थंड होऊ द्यायची. फडकं कोरडं. ओला हात लावायचा नाही, उभं राहायचं ते लाकडी पाटावर. आणि अंगणातल्या खड्ड्यात रोज एक बादली पाणी ओतायचं. खड्ड्याला तो अर्थिंग म्हणायचा. चुलीच्या पत्र्यापासून एक तार निघून त्या खड्ड्यात पुरलेली होती, भोवती मीठ आणि कोळसा भरलेला. चुकून करंट पत्र्यात उतरला तर तो त्या तारेनं जमिनीत जातो, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो.

"चुलीजवळ पाणी नको, अन् अंगणात जमिनीला पाणी पाज म्हणायलास," मी त्याला म्हणाले होते. "तुझ्या घरी सैपाक कोण करतंय?"

"माझी बायको."

"मग तिलाच इचार जा."

तो हसला आणि गेला. मी खड्ड्यात पाणी ओतलं, पण आठवेल तेव्हा.

आमच्यात सकाळी चूल सारवल्याशिवाय पेटवत नाहीत. ओलं पोतेरं फिरवायचं, मग विभूतीची तीन बोटं ओढायची. या चुलीची तबकडी मातीची. माती म्हटल्यावर ती सारवायला पाहिजे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी रोज माती कालवून तिन्ही तबकड्या सारवायची. तारेच्या खाचांतसुद्धा बोट घालून. मेन खाली करायचं कधी लक्षात राहायचं, कधी नाही. एवढ्या दिवसांत काही झालं नाही. त्याचा अर्थ मी असा घेतला, की वीज मला ओळखते.

पण या चुलीवर ज्वारीची भाकरी होईना. भाकरीला शेवटी निखारा लागतो, तरच ती फुगते. तारेवर टाकली की बाहेरून डाग आणि आत कच्ची. साहेब पुण्याकडचे, पण त्यांना भाकरी फार आवडायची. त्यांनी विचारलं, चुलीवर भाकरी जमते ना? मी जमते म्हणाले. खजुरीची बाई भाकरी जमत नाही असं कसं म्हणेल? मग मागच्या अंगणात गुपचूप शेगडी पेटवू लागले. साहेब खूश. हैदराबादहून वरचे साहेब आले तेव्हा आमच्या साहेबांनी त्यांना ताटाशी बसवून सांगितलं, ही भाकरी विजेवरची आहे. मी पडद्याआडून ऐकलं आणि मला फार बरं वाटलं.

शेगडीला कोळसा लागतो. कोळसा मागावा तर साहेब विचारणार, विजेची चूल असताना कोळसा कशाला? आणि अंगणात तर टोपलीभर चांगला कोळसा जमिनीत पुरून ठेवलेला. मला ती पुरुषांची उधळपट्टी वाटली. मी रोज खुरप्यानं थोडा थोडा काढायची आणि वरून माती ओढायची. महिनाभर काढला. अपघाताच्या आदल्या दिवशी खुरपं तारेला लागलं आणि तार सुटली. मी ती परत मातीत खोचली. भेंडीचं रोप लावतात तशी.

दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतातल्या पूजेचा सण. जेवायला शेतावर जायचं होतं. सण म्हणून मी चूल दोनदा सारवली, मेन चालू ठेवूनच, आणि शेगडीवर भाकऱ्या टाकायला अंगणात गेले. बाईसाहेबांनी माझं काम हलकं करावं म्हणून दूध तापायला ठेवलं आणि बटण फिरवलं. तबकडीच्या ओल्या मातीतून करंट पत्र्यात आणि पातेल्यात उतरला, आणि त्याला जमिनीत न्यायला तार राहिली नव्हती.

दुपारी साहेब दवाखान्यातून परत आले. बाईसाहेबांनी अजून डोळे उघडले नव्हते. साहेबांनी वीजघराच्या हेडक्लार्कला आणि लतीफभाईला बोलावलं, चूल बघितली, मग खड्डा उकरायला लावला. कोळसा नाही. तार वर आली ती मोकळीच.

"लतीफ, खड्डा तूच भरला होतास ना?"

"जी साब. मैंच भरा था. कोळसा भी, मीठ भी."

"मग कुठंय?"

 लतीफभाईची नजर भिंतीशी ठेवलेल्या शेगडीवर गेली. तिच्यात सकाळचे अर्धे जळालेले निखारे होते. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. तरी तो खाली बघून उभा राहिला.

हेडक्लार्क साहेबांच्या कानाला लागला, पण आवाज आम्हाला ऐकू येईल एवढा ठेवला. "साहेब, ह्या लोकांनी रझाकारीत काय केलं ते आम्ही बघितलंय. मुद्दाम केलंय हे. पोलिसात देऊ. मी कागद लिहितो."

साहेब म्हणाले, "लिहा."

मी या वेळेपर्यंत पदर सारखा करत होते. माझ्यात काही धाडस होतं असं कुणी समजू नये. नोकरी जाईल, खजुरीत तोंड दाखवता येणार नाही, एवढंच डोक्यात होतं. पण क्लार्कनं दौतीचं झाकण उघडलं, आणि कागदावर एकदा नाव चढलं की लतीफभाई परत यायचा नाही, हे चौथी शिकलेल्या बाईलाही कळत होतं.

"कोळसा म्या काढला," मी म्हणाले.

"कामून?" क्लार्कनं विचारलं.

"भाकरीला."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. "भाकरी तर रेंजवर होते."

"न्हाई साहेब. एकदाबी झाली न्हाई."

"हैदराबादच्या साहेबांना वाढली ती?"

"तीबी शेगडीवरचीच."

साहेब खड्ड्याच्या कडेला बसले.  मग क्लार्कला म्हणाले, कागद फाडा. लतीफभाईला म्हणाले, खड्डा पुन्हा भर. मला काहीच म्हणाले नाहीत. ते मी शिव्या समजून घेतलं आणि गाठोडं बांधून खजुरीला गेले.

महिन्यानं बाईसाहेबांनी बोलावणं पाठवलं. मी त्याच चुलीवर पुढं बरीच वर्षं रांधलं. आधी मेन खाली, मग चूल थंड, मग कोरडं फडकं. पायाखाली पाट. खड्ड्याला रोज बादली. भाकरी उघड उघड शेगडीवर, कोळसा मागून घेतलेला. विजेची चूल सांभाळणं म्हणजे एवढंच. चूल सारवायची नसते, हे एवढंच शिकायला मला एक माणूस मरणाच्या दारात न्यावं लागलं.

बाईसाहेबांनी त्या वेळ अमावस्येच्याच संध्याकाळी डोळे उघडले होते. उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली, पण त्या जगल्या. लतीफभाई वीजघरातच राहिला आणि म्हातारा होऊन निवृत्त झाला.