आमच्या हातचे खड्डे

हे मी लिहावं की नाही, याचा निर्णय मला अजून नीट करता आलेला नाही. आमच्या घरात आजवर शाई लागली ती अंगठ्याला. कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, आणि तिथंही मागच्या बाकावर बसणारा. तुम्ही पुस्तकं वाचत मोठी झालेली माणसं, तुमच्यापुढं मी गवताविषयी बोलायचं म्हणजे आगाऊपणाच. त्याबद्दल आधीच माफी मागतो. वाक्य कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. माझा राग मात्र चुकला आहे असं एकदम म्हणू नका. तो मी बरेच दिवस तपासून पाहिला आहे, आणि तो काही कमी होत नाही.

आमची वाडी माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडं. आम्ही मेंढरंवाले. वाडीच्या वरच्या अंगाला लांबरुंद माळ आहे. चैत्रात बघाल तर मुरूम, दगड आणि पिवळी कुसळं, बाकी काही नाही. कुसळं धोतरात घुसली की घरी येऊन एकेक उपटत बसावं लागतं. पण पावसाळ्यात त्याच माळावर पवन्या आणि मारवेल ही गवतं गुडघ्याला लागतात. तितर असतात, ससे असतात. नशीब असेल तर माळढोक दिसतो, मान ताठ ठेवून पाटलासारखा चालताना. लांडगाही असतो. त्यानं कोकरू नेलं तर आबा, म्हणजे माझे वडील, शिवी देत नसत. "न्हेला त्याचा वाटा," एवढंच म्हणत आणि पुढं चालू लागत. आमच्यात तशी रीतच आहे. माळावर प्रत्येकाचा वाटा असतो, हे कुणी आम्हाला शिकवावं लागलं नाही.

दिवाळी झाली की आमचा वाडा हलायचा. वाडा म्हणजे मेंढरं, माणसं, घोडं, कोंबड्या, सगळा फिरता संसार. आम्ही कृष्णाकाठी उतरायचो. तिथले उसवाले शेतकरी आमची वाटच बघत असत, कारण रात्रभर मेंढरं रानात बसवली की लेंडीचं खत पडतं आणि पुढचा ऊस जोमानं येतो. त्या बदल्यात आम्हाला जोंधळा मिळे. मेंढरं आधी कुणाच्या रानात बसवायची यावरून दरवर्षी भांडण ठरलेलं. पलटणीतून पेन्शनीवर आलेला एक शेतकरी तर बांधावर अटेन्शनमध्ये उभा राहायचा.

"आधी माझ्या रानात. ऑर्डर हाय!"

"आवं फौजी," आबा म्हणायचे, "मेंढरास्नी ऑर्डर कळती व्हय? ती हिरवळ बघून वळत्यात."

"मग मी हिरवा शर्ट घालून हुबा ऱ्हातो की!"

सगळा बांध हसायचा. पण पावसाळा जवळ आला की हेच काळं रान आम्हाला नको व्हायचं. चिखलात मेंढरू टिकत नाही. खुरं सडतात, लोकर ओली राहते, खोकला लागतो. म्हणून पावसाच्या आत आपल्या माळावर परतायचं. मुरमात पाणी मुरतं, पाय कोरडे राहतात आणि पोटभर गवत मिळतं. ते चार महिने माळ आहे म्हणून मेंढरं आहेत. मेंढरं आहेत म्हणून आम्ही आहोत. आमच्या जगण्यात याहून जास्त काही नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं निम्म्यावर आली आणि वाडी दुष्काळी कामावर गेली. दुसऱ्या वाड्यांना खडी फोडायला लावली होती. आम्हाला माळावर खड्डे काढायचं काम मिळालं. रांगेत, दोरी लावून, सगळे एका मापाचे. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दुष्काळी काम म्हणजे हाताला काम आणि पोटाला सुकडी. त्याला अर्थ असतो असं कुणाला वाटतच नव्हतं.

माझी आत्या टिकाव टेकून म्हणायची, "दादा, सरकारनं आता खड्ड्याचं पीक घ्यायचं ठरवलंय जनू."

"खंद गं गप. तुज्या तोंडापरीस खड्डा बरा," आबा म्हणायचे.

आबांचे खड्डे सगळ्यांत नीट असत. कडा तासलेल्या, तळ सपाट. मुकादम त्यांचा खड्डा इतरांना दाखवायचा आणि आबा मिशीत हसायचे. पावसाळा आला, काम संपलं. खड्ड्यांत पाणी साचलं, मेंढरं त्यातलं पाणी प्यायली आणि आम्ही ते विसरलो.

काही वर्षांनी वनखात्याचे साहेब आले, जीपमधून. मागून ट्रकभर रोपं, बहुतेक निलगिरीची. रोपं त्याच खड्ड्यांत लागली. मग खांब आले, काटेरी तार आली, राखणदार आला. आबा साहेबांपुढं गेले. मी तेव्हा नुकताच सांगलीला कॉलेजात लागलो होतो आणि सुट्टीला घरी आलो होतो, म्हणून मीही मागं उभा होतो.

"सायेब, पावसाळ्यात मेंढरं कुटं हुबी करू?"

"दुसरीकडं न्या. ही पडीक जमीन आहे. इथं जंगल होणार."

"पडीक कशी? आमी चारतो की हितं."

साहेब हसले. "बाबा, खड्डे तुम्हीच काढलेत ना? मग आता तक्रार कसली?"

आबा हात मागं घेऊन तसेच उभे राहिले. आजही ते वाक्य आठवलं की माझ्या कानशिलात जाळ होतो. उपाशी माणसाकडून खड्डा खणून घ्यायचा, कशाचा ते सांगायचं नाही, आणि पुढं त्याच खड्ड्याला त्याची संमती म्हणायचं! याला काय शब्द आहे, मला माहीत नाही. कॉलेजात तो अजून शिकवलेला नाही.

पुढच्या सत्रात भूगोलाच्या तासाला सरांनी जिल्ह्यांचा नकाशा टांगला. नदीकाठ हिरवा, डोंगर गडद हिरवा, आणि आमचा भाग फिकट पिवळा. "ही ओसाड जमीन. यंदा आपलं श्रमदान शिबिर अशाच एका माळावर आहे. झाडं लावायची. निसर्ग परत आणायचा." सर भले माणूस होते. माझी फी उशिरा आली तेव्हा तेच माझ्या बाजूनं ऑफिसात बोलले होते. तरी मी उठलो.

"सर, तिथं निसर्ग आहे. गवत आहे."

"गवत काय, कुठंही येतं."

"नाही सर. हे गवत मुरूम धरून ठेवतं. त्याच्यामुळं खालचा ओढा वाहतो. मेंढरं ते खातात, आणि त्यांचं खत कृष्णाकाठच्या उसाला जातं." मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "आपल्या चहातल्या साखरेतसुद्धा त्या माळाचं थोडं गवत असेल, सर."

सगळा वर्ग हसत सुटला. "मेंढरांचा वकील!" कुणीतरी ओरडलं, आणि मागून "बँऽ बँऽ" सुरू झालं. सरांनी सगळ्यांना गप्प केलं, मग मला हळूच म्हणाले, "अरे, झाडं लावणं वाईट कसं असेल?"

या प्रश्नाचं उत्तर मी आता देतो. झाड वाईट नाही. पण गवताचा देश मोडून त्यावर झाडांचा देश काढणं म्हणजे निसर्ग परत आणणं नव्हे. कृष्णाकाठचा ऊस उपटून कुणी तिथं बाभळी लावायला आला, तर त्या फौजीनं त्याला बंदूक घेऊन हाकललं असतं, आणि पेपरात फौजीची बाजू छापून आली असती. आमच्या माळाची बाजू कुठंच छापून येत नाही, कारण नकाशावर तो रिकामा आहे. माळढोक, लांडगा, तितर, आबा, सगळे त्या फिकट पिवळ्या रंगाखाली. जे दिसत नाही ते नाहीच, असं ठरवायचा अधिकार यांना कुणी दिला? आणि शिकलेल्या माणसांना हे कळत नसेल, तर मी सांगलीला आलो तरी कशाला?

शिबिराला मी गेलो नाही.

तो पावसाळा मी सांगलीतच काढला. घरचं काही कळत नव्हतं. पत्र लिहिणारा घरात कुणी नाही, लिहिणारा इथं. दसऱ्याच्या सुमाराला चुलतभाऊ अचानक होस्टेलवर आला. हातात वळकटी. विट्याच्या एका गलाईवाल्याच्या मद्रासच्या दुकानात, सोनं गाळायच्या कामाला निघाला होता. मिरजेहून त्याची गाडी होती.

"तू आनि मद्रासला? मेंढरं कोन राखतंय?"

त्यानं वळकटी खाली ठेवली. "मेंढरं न्हाईत रं आता. माळ बंद, मग आबांनी भर पावसात वाडा खाली कृष्णाकाठी काढला. चिखलात खुरं सडली. लय मेली. उरल्याली जतला पावन्यांकडं दिली."

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "झाडं तरी मोठी झाली का?"

"कुटली झाडं? उन्हाळ्यातच करपली सगळी. तार तेवढी झ्याक हाय."

"आन् आबा?"

त्यानं वळकटी परत उचलली.

"आबा हायत की. माळावरच असत्यात. नवी रोपं यायची हायत म्हनून त्यास्नी परत कामावर घेतलंय. खड्डं काढायला."