गयामावशीची बिल्डिंग

जोराचं वारं सुटलं की आमच्या तेलगावात सगळे पत्र्यांवर दगड ठेवायला धावायचे. गयामावशी मात्र अंगणात उभी राहून खूश व्हायची. "सुटू दे बाई, अजून सुटू दे," म्हणायची. तिचा एकुलता एक दत्ता पुण्यात भर बाजारपेठेत उभ्या राहणाऱ्या एका उंच ऑफिसच्या इमारतीवर क्रेन चालवायचा. वारं वाढलं की क्रेन बंद करतात आणि चालवणाऱ्याला खाली उतरवतात, हे त्यानंच तिला सांगितलं होतं. इथल्या वाऱ्याचा पुण्याला काय उपयोग, असं मी एकदा विचारलं. "इथनं निघालेलं कुठंतरी जातंयच की," ती म्हणाली.

मावशीकडे साधा बटणांचा फोन. त्यामुळे दत्ताचा व्हिडिओ कॉल शेजारी माझ्या फोनवर यायचा. दुपारी मी शिलाई मशीन थांबवायची, मावशी पदरानं फोनची काच पुसायची आणि आम्ही दोघी बिल्डिंग बघायचो. दत्ताला बोलायचा कंटाळा. फोन धरायचा तो त्याचा जवळच्याच सिरसाळ्याचा मित्र, सलीम. दत्तानंच त्याला कामावर लावून घेतलं होतं. दत्ता वर क्रेनमध्ये असायचा आणि सलीम खालून वॉकीटॉकीवर 'उचल', 'थांब' सांगायचा. जेवणाच्या सुट्टीत दोघं नव्या मजल्यावर जायचे. "मावशी, इथं साहेब लोक बसणार. ही लिफ्टची जागा. अन् त्यो डोंगर दिसतोय ना, त्याच्या पलीकडं आपला बीड जिल्हा," असं सलीम खुशाल ठोकून द्यायचा. मावशी म्हणायची, "लेकरा, कडंला जाऊ नको. मागं हो."

एकदा दत्ता म्हणाला, "आई, आज स्लॅब पडला." मावशी मटकन खालीच बसली. पडला म्हणजे ओतून झाला, हे सलीमनं हसत हसत समजावलं. मग काय, "आमचा अजून एक स्लॅब पडला" असं मावशी गल्लीभर सांगत फिरायची आणि ऐकणाऱ्याचा चेहरा उतरला की तोंडाला पदर लावून हसायची. काचा बसायला लागल्या तेव्हा तिला नवीच काळजी लागली. "एवढ्या काचा पुसणार कोण?"

तरी ते हसणं वरवरचं होतं. जेवताना तिचा घास मधेच थांबायचा. "त्यानं वर कावून जावं? खाली काय कामं न्हाईत?" दिवाळीला दत्ता आला की तेच. दत्ताला एकदाच तिला नीट उत्तर देताना मी ऐकलं. "आई, खाली मला कुणी बी हाक मारतं, अय म्हणून. वर गेलो की सगळे माझ्या हाताकडं बघत्यात."

मग एका उन्हाळ्यात कॉल आला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दत्ताच एसटीतून उतरला. क्रेननं उचललेल्या सळयांच्या भाऱ्याचा पट्टा वरच तुटला होता. खाली सलीम होता. पुढं चौकशीत पट्टा झिजलेला निघाला, दत्ताची चूक नव्हती. "त्यो 'उचल' म्हणला, अन् मी उचललं," एवढंच दत्ता बोलला. पत्रा ठीक करायला शिडी लावली, तर दोन पायऱ्या चढून उतरला आणि शिडी धरून उभाच राहिला. मावशी मला म्हणाली, "मला पोरगं खाली पाहिजे होतं गं. पर असं न्हाई."

पंधरवड्यानं ती मला घेऊन सिरसाळ्याला गेली. सलीमच्या अम्मी दारातच बसल्या होत्या. मावशी उंबऱ्याबाहेर थांबली. "मी दत्ताची आई," म्हणाली.

अम्मींनी तिच्याकडं बघितलं. "तुमचा पोरगा आला घरी?"

"आला."

"मग तुमी कशाला आलात?"

 पदराचं टोक पिळत मावशी म्हणाली, "तुमच्या लेकरानं मला ती बिल्डिंग दाखवली. रोज. हे बघा, ते बघा करायचा."

अम्मींचा चेहरा एकदम बदलला. "वर जायचा का त्यो? मला तर म्हणायचा, अम्मी, मी जमिनीवरच असतो. मला भ्या वाटतं म्हणून कधी दाखवलं न्हाई." त्या आत सरकल्या. "या आत. बसा. काय काय दाखवायचा, सांगा."

मावशीनं सांगितलं. लिफ्टची जागा, साहेब लोकांच्या खोल्या, बीड जिल्ह्याचा डोंगर. डोंगराचं ऐकून अम्मी हसल्या आणि तशाच रडायला लागल्या.

त्यानंतर मावशी दर महिन्याला बाजाराच्या दिवशी तिथं जायची. सांगण्यासारखं संपलं तरी जायची. दोघी भाजी निवडत बसायच्या. दत्ता तिला मोटारसायकलवर सिरसाळ्याच्या स्टँडपर्यंत सोडायचा आणि ती परत येईपर्यंत चहाच्या टपरीवर बसायचा. सलीमच्या घरापर्यंत कधी गेला नाही. मावशीनं त्याला कधी ओढलं नाही. "पाय त्याचे हायत," म्हणायची.

बिल्डिंग पुरी झाली, दिवे लागले. कुणीतरी फोनवर दाखवायला आलं, तर मावशीनं मान फिरवली. गेल्या हिवाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

दहाव्याला अम्मी एसटीनं आल्या. बायकांत बसून राहिल्या. निघताना त्यांनी दत्ताला जवळ बोलावलं. तो मान खाली घालून समोर उभा राहिला.

"तुझी आई मला सांगायची, पर तिनं फोनात बघितलेलं," अम्मी म्हणाल्या. "तू तर तिथं होतास बेटा. आता तू येत जा."

 पुढच्या बाजाराच्या दिवशी दत्ता माझ्या दारात आला. "ताई, संगं येतीस का?"

टपरीपाशी त्याची गाडी हळू झाली, पण थांबली नाही. अम्मींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. दत्ता पाणी प्याला आणि फरशीकडं बघत राहिला. अम्मी घाई करत नव्हत्या. मग तो म्हणाला, "अम्मी, पाया खोदताना पाणी लागलतं. तवा सलीम नुकताच आलता. तिथनं सांगतो."