बर्फावरची राखी

माझा जोडीदार माझ्या आत्याचा मुलगा होता. शाळेसाठी मी खजुरीहून कलबुर्गीला आत्याकडे राहायला गेले, तेव्हा तो सिमेंटच्या रिंकवर चाकांच्या स्केट्स घालून घिरट्या घालत असे. मीही घालू लागले. दोघंही बरे निघालो तसं रिंकवरच्या सरांनी जोडीनं नाचायला शिकवलं. जोडीनं म्हणजे त्याचा हात माझ्या कमरेवर आणि माझी पाठ त्याच्या छातीला. गावाकडून पाहायला आलेल्या अप्पांनी मान खाली घातली. आत्यानं मात्र तिथंच, कठड्याशी उभ्या उभ्या, आपल्या धाकट्या भावाला सुनावलं.

"कामून लाजायलास रे? मामाची पोरगी हाय, हक्काची. उद्या माझ्याच घरात येणार हाय की."

"व्हय अक्का," अप्पा म्हणाले.

आत्याच्या त्या बोलण्यावर माझं सगळं स्केटिंग उभं राहिलं. परक्या मुलाचा हात मला कुणी धरू दिला नसता. लग्नाचं मला काडीचं पडलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, तो आरशासमोर माझ्यापेक्षा जास्त वेळ घ्यायचा आणि पडला की दोष माझ्यावर ढकलायचा. पण सरांनी आम्हाला उत्तरेतल्या बर्फाच्या रिंकवर नेलं, पहिल्याच दिवशी पात्याखाली बर्फ कापल्याचा आवाज ऐकला, आणि मी ठरवलं की यासाठी मी कुणालाही नवरा करून घेईन.

चार वर्षं आम्ही सुट्ट्यांमध्ये आणि शिबिरांना तिथं सराव केला. देशाच्या स्पर्धेत तिसरे आलो. मग तिथल्या प्रशिक्षक बाई माझ्यादेखत त्याला म्हणाल्या, "तू पुढे जाशील. मुलगी जड आहे, पायही आखूड आहेत." त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. त्याच रिंकवर वाढलेली एक लांब पायांची मुलगी तेव्हा जोडीदाराशिवाय बसून होती.

मला सोडतो असं तो घरी म्हणाला असता तर आत्यानं त्याची सालटी काढली असती. त्यानं सोपी वाट शोधली.

राखी पौर्णिमेला तिथल्या सगळ्या मुली मुलांना राख्या बांधत होत्या. हा स्वतः राखी घेऊन माझ्यापुढे आला आणि मनगट पुढे केलं. मला हसू आलं. "डोकं फिरलंय का? आपल्यात चालतंय व्हय हे?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत म्हणाला, "माझी बहीण लाजतेय." टाळ्या पडल्या. सरावाचा वेळ जातोय म्हणून बाई ओरडल्या. इथं कुणाला आपलं नातं ठाऊक आहे, असा विचार करून मी बांधून टाकली. आयुष्यातली माझी सगळ्यात मूर्ख गाठ ती. माझ्या स्केट्सच्या नाड्या बांधून व्हायच्या आत फोटो घरच्या ग्रुपवर गेला होता.

आत्याचा फोन आला. "आता भावाच्या गळ्यात पडून नाचणार हाईस व्हय? अब्रू हाय का न्हाई?"

"मस्करी होती गं आत्या."

"राखी कुणी मस्करीत बांधतंय का?"

अप्पा मला न्यायला आले. त्यानं माझी बॅग फाटकापर्यंत आणून दिली. "घरचेच न्हाई म्हणायलेत," तो म्हणाला. "मी काय करू?"

पुढची सहा वर्षं तो त्या मुलीबरोबर नाचला आणि मी खजुरीत अप्पांच्या बियाण्यांच्या दुकानात बसले. घरच्यांच्या आग्रहाखातर दर वर्षी त्याला पोस्टानं राखी पाठवत होते. त्याची एकूण एक स्पर्धा फोनवर पाहिली. तो पडला की व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहायचे.

मग त्याचा गुडघा गेला. मुलीनं महिनाभरात दुसरा जोडीदार धरला. तो परत आला आणि कलबुर्गीच्या रिंकवर शिकवायचं ठरवून बसला. यंदा राखीला आत्या नेहमीसारखी अप्पांकडे आली, आणि त्यालाही घेऊन आली. अप्पांना ओवाळून झाल्यावर तिनं माझा हात हातात घेतला.

"पोरी, तुला अजून सून म्हणूनच बघायलोय आम्ही. त्या दोऱ्याचं काय एवढं? लेकरांचा खेळ होता. रिंक तुमच्या दोघांची. पुन्हा नाचा की."

तो हळूच म्हणाला, "तुझ्यासारखा तोल तिला कधीच जमला न्हाई."

हे ऐकायला मी सहा वर्षं तरसले होते. माझ्या तळपायांना मुंग्या आल्या. सिमेंट तर सिमेंट, मला पुन्हा स्केट्स घालायच्या होत्या, अजूनही घालायच्या आहेत. फक्त हो म्हणायचं होतं.

"हात पुढं कर," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उजळला. आत्यानं डोळ्यांना पदर लावला. त्यानं उजवा हात पुढे केला, माझ्या कमरेवर असायचा तोच. आत्याच्या ताटात एक राखी उरली होती. ती उचलून मी त्याच्या मनगटावर बांधली आणि एकावर एक तीन गाठी मारल्या.

"आता घरचेच न्हाई म्हणतील, दादा," मी म्हणाले. "मी काय करू?"

मग चहा टाकते म्हणून आत गेले आणि साखरेचा डबा पोटाशी धरून हमसून हमसून रडले.