आप्पांना चालता येईल असं घर

आई गेल्यावर आप्पा मंद्रूपला एकटेच राहत होते. काचबिंदूनं उजवा डोळा पूर्ण गेला होता, डाव्यानं धूसर दिसायचं. तरी भरल्या बाजारातून कुणाला धक्का न लावता चालायचे. मग एक दिवस गॅस उघडा राहिला, वास आला म्हणून शेजारी धावले आणि मला फोन आला. मी सोलापुरात शाळेत शिकवते. तेव्हा मी आणि एक मैत्रीण मिळून एका खोलीत राहत होतो. आता आप्पांना घेऊन राहायला वेगळं घर भाड्यानं घ्यायचं ठरवलं. त्यांचं म्हणणं एकच होतं, "चाहाला, दाढीला, देवाला माझं मी जाईन आसं घर बग. बाकी कसलं बी चालंल."

शुक्रवार पेठेत तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघितल्या. अंधाऱ्या होत्या, पण स्वच्छ. घरमालकीणबाई दारातूनच कन्नडमध्ये म्हणाल्या, "बर्री अज्जा, बर्री," या आजोबा, या, आणि आईनंतर पहिल्यांदा आप्पा मोकळेपणी हसले. आई त्यांच्याशी कन्नडच बोलायची. बाईंना रस्ता विचारून ते निघालेच. मी चार पावलं मागे. देऊळ, चहाची टपरी, सलून, सगळं एकाच गल्लीत.

"हितं बेस हाय की!" ते मागं वळून म्हणाले.

तेवढ्यात उजवीकडच्या बोळातून मोटारसायकल आली. त्यांना ती दिसलीच नाही. आरसा कोपराला लागला आणि आप्पा गटारीच्या कडेला बसकण मारल्यासारखे पडले. गाडी थांबली नाही. तळहात सोलला होता, त्यात खडी रुतली होती. बाईंनी पाणी आणलं, हळद आणली. "ह्या गल्लीत गाड्यांचं रोजचंच आहे," त्या खाली मान घालून म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी विजापूर रोडच्या पलीकडची नवी सोसायटी बघितली. लिफ्ट, कॅमेरे, फाटकावर वॉचमन. जवळचं दुकान मात्र मोठ्या रस्त्याच्या पल्याड. आप्पा बाल्कनीत उभे राहून ऐकत राहिले.

"हितनं कुटं जायाचं?"

"आप्पा, परवा डोक्यावर पडला असता तर?"

"पडलो की. उटलो बी की."

मी तिथलाच करार केला. आणखी एक केलं, ते आप्पांना सांगितलं नाही. वॉचमनला बजावलं, यांना एकट्याला बाहेर सोडू नका.

पहिले काही दिवस आप्पा खाली पार्किंगमध्ये फिरायचे, खांबाला हात लावत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. महिन्याभरानं मी चौथीच्या वर्गावर असताना वॉचमनचा फोन आला. "मॅडम, बाबा ऐकत नाहीत, लवकर या."

पोचले तर आप्पा फाटकाला धरून उभे. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, अंगात धुतलेला सदरा. "ह्याला सांग, मी हितं ऱ्हातो. चोर न्हाय मी."

वॉचमन त्यांच्याच वयाचा होता. ओशाळून म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं की, मॅडम."

आप्पांनी मान माझ्याकडे वळवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी त्यांना रस्त्याकडे घेऊन गेले. फूटपाथ नव्हता, सिग्नल नव्हता. ट्रकमागून ट्रक, मधेच रिक्षा उलट्या बाजूनं. मी दोनदा पुढे झाले, दोनदा मागे आले. मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं, तरी मला तो रस्ता ओलांडता येईना.

"चल घरी," आप्पाच म्हणाले. "आवाज समदे एकात एक होत्यात. गाडी कुटनं येती कळंना."

मी पुन्हा पेठेत गेले. त्या खोल्या केव्हाच गेल्या होत्या. पुढचे कितीतरी रविवार गल्ल्या हिंडले. कुठे खडा जिना, कुठे उंबऱ्यालगत उघडं गटार, कुठे दाराबाहेर पाऊल टाकलं की थेट रहदारी. म्हाताऱ्या माणसाला दिसेनासं होतं आणि तरी त्याला चालायचं असतं, हे लक्षात ठेवून बांधलेली गल्ली मला सापडली नाही. शेवटी उन्हाळ्यात पेठेतल्या त्याच घरमालकीणबाईंनी शेजारच्या बोळातली एक खोली मिळवून दिली. मी सामान हलवलं.

पण त्या सोसायटीतल्या सात महिन्यांत आप्पांच्यातलं काहीतरी मोडलं होतं. टपरी इथूनही जवळच आहे. पहिल्या सकाळी ते उंबरा ओलांडून दोन पावलं गेले, कुठेतरी हॉर्न वाजला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मग हळूच आत आले. मी म्हटलं, मी येते बरोबर. "नगं. साळंला उशीर हुईल तुला."

आता चहा बाई पाठवतात. न्हावी घरी येतो. देवाला आप्पा खुर्चीतूनच नमस्कार करतात. सगळे जीव लावतात, आणि त्यामुळे मला तक्रारही करता येत नाही. मधल्या सुट्टीत मी फोन करते.

"काय करताय आप्पा?"

"बसलोय."